सगळ्यांचा देव एकच आहे का?

‘देव एकच, नावे वेगळी’ हे वाक्य महाराष्ट्रात इतक्या सहज बोलले जाते की तो एक दावा आहे आणि त्याच्या बाजूने काही कारणे द्यावी लागतील, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बोलणाऱ्याच्या मनात तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. सगळे लोक ज्याची प्रार्थना करतात ती सत्ता एकच आहे, ही एक. प्रार्थनेत येणारा अनुभव सगळीकडे सारखा असतो, ही दुसरी. आणि देव कोणताही मानला तरी शेजाऱ्याशी नीट वागणे हेच खरे, ही तिसरी. तिसरी मान्य करणाऱ्याला पहिली मान्य करावीच लागते असे नाही. नास्तिक माणूस तिसरी मनापासून मानतो आणि पहिलीला साफ नकार देतो. वाद बहुधा या तिन्हींची सरमिसळ झाल्याने वाढतात.

अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर जिल्हा, हा प्रश्न तपासायला फार सोयीचा आहे. या एका जिल्ह्यात त्याची जवळजवळ सगळी उत्तरे कोणी ना कोणी जगून दाखवली आहेत.

सुरुवात केडगावपासून करता येते. पुणे रस्त्यावरचे हे गाव आता नगरच्या महापालिकेत आले आहे, पण पंचक्रोशीत त्याची ओळख अजून ‘केडगावची देवी’ हीच आहे. ही देवी म्हणजे रेणुकामाता. नवरात्रात तिच्या दर्शनाला येणाऱ्याला माहूरची रेणुका वेगळी आणि केडगावची वेगळी का असे विचारले, तर प्रश्नच कळणार नाही. देवी तीच, ठाणे दुसरे. सौंदत्तीची यल्लम्मा म्हणजेही रेणुकाच, हे मराठी आणि कानडी भाविकांना सारखेच ठाऊक असते. जेजुरीचा खंडोबा, आंध्र-तेलंगणाचा मल्लण्णा आणि कर्नाटकातला मैलार यांच्याबाबतही असेच होते. दैवत अनेक ठिकाणी, अनेक नावांनी आणि तरीही पूर्णपणे तेच असू शकते, ही कल्पना इथल्या माणसाला शिकवावी लागत नाही. ‘देव एकच’ हे वाक्य मराठी कानाला लगेच पटते त्याचे एक कारण हे आहे.

पण ही ओळख जुळते कशी, ते पाहिले पाहिजे. माहूर, सौंदत्ती आणि केडगाव यांना जोडणारी कथा एकच आहे. जमदग्नीची पत्नी, परशुरामाची आई, तिचा शिरच्छेद आणि तिचे देवत्व. कथा सामायिक आहे म्हणून देवी सामायिक आहे. कथाच जिथे जुळत नाहीत तिथे हे गणित चालत नाही. शिवाय बोलण्यात एकत्व असले तरी आचारात ते क्वचितच असते. रेणुका ज्या घराची कुलस्वामिनी, त्या घरात लग्नानंतर ओटी भरायची ती तिचीच. तुळजाभवानीला बोललेला नवस ‘शेवटी देवी एकच’ म्हणून केडगावला फेडून कोणी मोकळे होत नाही. एकत्व मानणारा भाविकही ज्या देवाशी नाते जडले आहे त्याच्याच दारात जातो. हा भाविकाचा गोंधळ मानण्याचे कारण नाही. श्रद्धेला ‘अंतिम सत्ता’ पुरत नाही, तिला नाव, गाव आणि नाते लागते.

तत्त्वज्ञानात हा प्रश्न ओळखीचा प्रश्न म्हणून हाताळला जातो. पहाटे पूर्वेला दिसणारी तेजस्वी चांदणी आणि तिन्हीसांजेला पश्चिमेला दिसणारी चांदणी या दोन वेगळ्या वस्तू आहेत असे माणसे कित्येक शतके समजत होती. दोन्ही म्हणजे शुक्रच. जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेगे यांनी १८९२ मध्ये हेच उदाहरण घेऊन दाखवले की दोन वर्णने वेगळी असूनही त्यांचा विषय एक असू शकतो. देव एकच म्हणणाऱ्यांना हा युक्तिवाद जवळचा वाटतो, पण त्यात एक अडचण आहे. दोन्ही चांदण्या एकच आहेत हे त्यांचा मार्ग मोजून ठरवता आले. देवाबाबत मोजायला हाती काही नाही. उलट वर्णने काही ठिकाणी नुसती वेगळी नसून परस्परविरोधी आहेत. येशूला क्रुसावर मरण आले, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा. कुराणाच्या चौथ्या सूरेत नेमके हेच नाकारले आहे. देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्रैक्यरूप आहे हे एकाचे मत, आणि देवाला पुत्र कल्पिणे हा मोठा प्रमाद हे दुसऱ्याचे. दोघेही पूर्णपणे बरोबर असू शकत नाहीत.

तरीही यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान एकाच देवाविषयी बोलतात, असे म्हणायला जागा आहे, कारण तिघांची परंपरा अब्राहामापर्यंत मागे जाते. एकाच व्यक्तीविषयी तीन माणसांनी वेगळ्या समजुती करून घ्याव्यात, काही चुकीच्याही, आणि तरी बोलणे तिच्याविषयीच असावे, असे होऊ शकते. कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत प्रसिद्ध केलेल्या जाहीरनाम्यात मुसलमान एकाच देवाची उपासना करतात असे आदराने नमूद केले, ते याच अर्थाने. केडगावची रेणुका आणि अल्ला यांना जोडणारी अशी साखळी मात्र नाही. तिथे फक्त एक वाट उरते: अंतिम सत्ता एकच असू शकते, म्हणून अंतिम सत्तेला जो कोणी हाक मारतो त्याची हाक तिलाच पोचते. हा युक्तिवाद कमी प्रतीचा नाही. पण त्यात अशी सत्ता आहे हे आधीच गृहीत धरले आहे. ती नाहीच असे मानणारा म्हणेल की मग सगळ्या हाका सारख्याच पोकळीत जातात.

नगर परिसरात ही वाट ज्यांनी सर्वांत धीटपणे चालून दाखवली ते श्रीगोंद्याचे शेख महंमद. सतराव्या शतकातले हे मुसलमान संत मराठीत लिहीत होते. त्यांचे गुरू चांद बोधले हे जनार्दनस्वामींचेही गुरू मानले जातात, म्हणजे एकनाथांच्या परंपरेशी शेख महंमदांचे नाते जवळचे आहे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी त्यांना गुरुस्थानी मानले, अशी परंपरा आहे. त्यांचा ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ शके १५६७ म्हणजे इ. स. १६४५ चा. अद्वैताची परिभाषा मराठीत आधीच रुळली होती. याच जिल्ह्यातल्या नेवाशाला १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली होती. शेख महंमदांनी ती परिभाषा आपलीशी केली. निराकार एकच असेल तर त्याला राम म्हणा की रहीम, नावाने त्यात उणेअधिक होत नाही. पण त्यांची ही भूमिका सगळ्यांना खूश ठेवणारी नव्हती, हे विसरता कामा नये. क्षुद्र दैवतांपुढचे पशुबळी, दांभिक बुवाबाजी, पोकळ कर्मकांड यांवर ते कडाडून तुटून पडतात. ‘सगळेच बरोबर’ असे ते म्हणत नाहीत. सत्य एकच असल्यामुळे बरेच जण चुकत आहेत, असा त्यांचा सूर आहे. आजचे गुळगुळीत सर्वधर्मसमभावाचे भाषण आणि शेख महंमदांचे एकत्व यांत हे मोठे अंतर आहे, आणि दोहोंत शेख महंमदांची भूमिका अधिक प्रामाणिक आहे.

लोकाचारातले एकत्व वेगळ्या प्रकारचे असते. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची समाधी आहे. नाथपंथीयांसाठी ते नवनाथांपैकी एक, तर मुसलमान भाविक त्याच ठिकाणाला शाह रमजान माही सवार यांचा दर्गा म्हणत आले. रंगपंचमीच्या सुमारास भरणाऱ्या इथल्या यात्रेला भटक्या जमातींचे लोक लांबून येतात, गाढवांचा बाजारही त्यासाठी प्रसिद्ध आहे. डोके टेकवण्याची जागा एक, तिथे निजलेला कोण याविषयीची कथा मात्र दोन. अशी ठिकाणे सलोख्याचा पुरावा म्हणून नेहमी पुढे केली जातात. ती आहेतही, पण पुरावा कशाचा हे नीट पाहायला हवे. जागा वाटून घेतली म्हणजे देव वाटून घेतला असे होत नाही. मालकी कोणाची हा वाद मढीला न्यायालयापर्यंत गेलेला आहे, आणि २०२५ च्या यात्रेआधी मुस्लिम दुकानदारांना मज्जाव करणारा ठराव तिथल्या ग्रामसभेत झाला. प्रशासनाने तो टिकू दिला नाही. पिढ्यान्‌पिढ्या एका उंबऱ्यावर डोके ठेवणाऱ्यांमध्येही ही फूट पडू शकली, याचे दुःख वाटल्यावाचून राहत नाही. त्यातून समजते ते हे की एकत्र उपासना ही आपोआप टिकणारी गोष्ट नाही. दोन्ही बाजूंची माणसे ती रोज चालू ठेवतात तोवर ती असते.

शिर्डीला हा पेच एका माणसाच्या आयुष्यात एकवटला. साईबाबा पडक्या मशिदीत राहिले आणि त्या मशिदीलाच द्वारकामाई म्हणू लागले. मशिदीत धुनी पेटती ठेवली, येईल त्याला उदी दिली. गोविंद रघुनाथ दाभोलकर ऊर्फ हेमाडपंत यांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त त्यांच्या तोंडी सतत येतो तो ‘अल्ला मालिक’ हा उद्गार. आज त्यांच्या नावाशी घट्ट जोडले गेलेले ‘सबका मालिक एक’ हे वाक्य म्हणजे त्याच भावाचे लोकांनी केलेले रूप म्हणता येईल. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीला, त्यांनी देह ठेवला तेव्हा त्यांना कुठे आणि कसे ठेवायचे यावर हिंदू आणि मुसलमान भक्तांत मतभेद झाले. शेवटी नागपूरच्या बुटींनी बांधलेल्या वाड्यात समाधी झाली. बाबांनी स्वतः कोणता देव खरा याचे प्रवचन दिले नाही. त्यांच्या दृष्टीने ‘मालिक एक’ हे मुख्यतः माणसांविषयीचे वाक्य होते असे मानणेच त्यांच्या वागण्याशी जुळते. मालक एक असेल तर नोकरांनी एकमेकांवर अंमल गाजवू नये, इतका त्याचा अर्थ. देवाच्या स्वरूपाविषयीचा सिद्धांत म्हणून ते वापरले की लगेच अडचणी उभ्या राहतात. नीतीचा नियम म्हणून त्याला तोड नाही.

केडगावपासून काही किलोमीटरवरच्या अरणगावात मात्र हाच विचार सिद्धांत म्हणून मांडला गेला. पुण्यात इराणी पारशी कुटुंबात २५ फेब्रुवारी १८९४ रोजी जन्मलेले मेरवान इराणी, म्हणजेच मेहेरबाबा, १९२३ मध्ये इथल्या जुन्या लष्करी छावणीच्या जागेवर आले. मेहेराबाद ते हेच. पुण्याच्या हजरत बाबाजान, साकोरीचे उपासनी महाराज, शिर्डीचे साईबाबा, नागपूरचे ताजुद्दीनबाबा आणि नारायण महाराज या पाच सद्‍गुरूंकडून आपल्याला अनुभव मिळाला, असे ते सांगत. त्यांतले नारायण महाराज हेही केडगावचेच म्हणवले जातात, पण ते केडगाव पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यात आहे. पाचांत दोन मुसलमान, आणि साईबाबांना कोणत्याही रकान्यात बसवता येत नाही. १० जुलै १९२५ पासून मेहेरबाबांनी मौन धरले ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत. आधी अक्षरफलकावर बोट फिरवून आणि पुढे नुसत्या हातवाऱ्यांनी ते बोलत.

टेकडीवरची त्यांची समाधी लहान आहे. एकच खोली, वर घुमट, आत भिंतींवर हेलेन डाम या स्विस चित्रकर्तीने १९३८ मध्ये रंगवलेली चित्रे. घुमटाच्या चार कोपऱ्यांवर चार छोटी चिन्हे आहेत: देऊळ, मशीद, क्रूस आणि पारशांचे अग्निपात्र. त्यांनी रचलेल्या प्रार्थनेत परब्रह्म, अल्ला, यझदान, अहुरमझ्द अशी नावे एका ओळीने येतात. सगळे धर्म एका दोऱ्यात मण्यांसारखे ओवायचे आहेत, नवा पंथ काढायचा नाही, ही त्यांची भूमिका. ती सांगणारा स्वतःला अवतार म्हणवत होता, हेही तितकेच खरे. म्हणजे धर्म एक आहेत हे मान्य करायचे तर ते ज्याला दिसले त्याचा अधिकार आधी मान्य करावा लागतो. मेहेराबादला जगभरातून येणारा भक्त तो मनापासून मानतो. जो मानत नाही त्याच्यासाठी समाधीवरची चिन्हे ही एक उदात्त इच्छा आहे, सिद्धता नव्हे.

आणि त्या चिन्हांत ज्यांना जागा नाही ते? नगर हे जैनांचे मोठे केंद्र आहे. स्थानकवासी परंपरेचे आचार्य आनंदऋषी याच जिल्ह्यातले, १९९२ मध्ये नगरलाच त्यांचे देहावसान झाले. जैन दर्शनात जग निर्माण करणारा ईश्वर नाही. विश्व अनादी आहे, कर्माचा नियम आपोआप चालतो, आणि तीर्थंकर कोणाला वर देत नाहीत. नवव्या शतकातल्या जिनसेनांनी आदिपुराणात निर्मात्याच्या कल्पनेचे तर्कशुद्ध खंडन केले आहे. अनेकान्तवादाचा दाखला देऊन ‘सगळे धर्म खरे’ असे म्हणण्याची पद्धत आहे, पण अनेकान्त इतका भोंगळ नाही. प्रत्येक विधान कोणत्या बाजूने खरे ते सांगा, असा त्याचा आग्रह असतो. इतकी कडक तपश्चर्या करणाऱ्या धर्माला देवाची गरज पडत नाही, ही गोष्ट धर्म म्हणजेच ईश्वरश्रद्धा असे समजणाऱ्यांनी शांतपणे विचारात घ्यावी.

बौद्धांचा नकार आणखी ठाम आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षेबरोबर दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एका प्रतिज्ञेत बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे स्पष्टपणे नाकारले आहे. ‘तुमचाही देव तोच’ हे वाक्य एखाद्याला मोठ्या मनाचे वाटते. ज्याने शतकांचा अपमान झुगारून ती चौकट सोडली त्याला ते पुन्हा आत ओढणारे वाटते. एकत्वाचा दावा दुसऱ्याच्या संमतीशिवाय त्याच्यावर लादला जाऊ शकतो, आणि मग त्यात समता उरत नाही.

नारायण वामन टिळकांनी धर्म सोडला तोही नावे वेगळी असली तरी देव एकच म्हणून नव्हे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. पूल म्हटला की दोन काठ वेगळे असल्याची कबुली आलीच. पण पलीकडे गेल्यावर त्यांनी अलीकडचे काही तोडले नाही. अभंग, कीर्तन, भजन ख्रिस्ती उपासनेत आणले, आणि १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापून त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही प्रवेश दिला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना त्याच वाटेने जायला पाच वर्षे लागली. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते की त्यांना अडवत होते ते देवाचे स्वरूप नव्हे, तर सोवळे, पाणी आणि पंगत. जातिभेद मनातून गळाल्यावर बाकीचे अंतर फारसे उरले नाही. धर्माधर्मांतल्या किती भिंती खरोखर देवावरून उभ्या आहेत, असा प्रश्न हे पुस्तक न विचारता विचारते.

टिळकांनी बाप्तिस्मा घेतला त्याच वर्षी, जून १८९५ मध्ये, गोपाळ गणेश आगरकर गेले. मिल आणि स्पेन्सर वाचून घडलेल्या आगरकरांनी ‘सुधारका’तून देवतांचा उगम माणसाच्या भयात आणि कल्पनेत शोधला. त्यांना सगळे देव एका पायरीवर दिसत होते, फक्त ती पायरी माणसाने बांधलेली होती. भारतीय परंपरेत हे नवे नव्हते. चार्वाक तर होतेच, पण वेद प्रमाण मानणारे मीमांसकही जगाचा निर्माता मानत नाहीत, आणि सांख्यांच्या मूळ मांडणीत ईश्वराला काम उरत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर महाराष्ट्रभर एकाच व्यासपीठावर बसून लोकांशी वादसंवाद करत. लागू परमेश्वराची कल्पना निवृत्त करा म्हणत. दाभोलकर अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या वतीने सांगत की देवाधर्माला विरोध नाही, शोषणाला आहे. दोघांत मतभेद होता आणि तो लोकांसमोर मोकळेपणाने मांडला जाई. नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूरला स्त्रियांना चौथऱ्यावर प्रवेश मिळावा यासाठी समितीने आंदोलन केले. तो प्रवेश एप्रिल २०१६ मध्ये खुला झाला, तेव्हा दाभोलकर नव्हते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली होती.

श्रद्धा आणि अश्रद्धा शेजारी कशा नांदू शकतात याचे सर्वांत बोलके उदाहरण नगरच्या भुईकोट किल्ल्यात घडले. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य तिथे स्थानबद्ध झाले. मौलाना आझाद पहाटे चारच्या सुमारास उठत, स्वतःचा चहा स्वतः करत आणि पत्रे लिहीत. तीच पुढे ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून छापली गेली. त्यांत ईश्वराच्या अस्तित्वावरचे चिंतन आहे, आणि तरुणपणी आपण अविश्वासातून गेलो याची कबुलीही. कुराणावरील भाष्यात त्यांनी आधीच मांडले होते की दीन सर्वांचा एक, शरीयत तेवढ्या वेगळ्या. त्याच बराकीत जवाहरलाल नेहरूंनी १९४४ मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. संघटित धर्माविषयीचे आणि सगुण ईश्वराविषयीचे आपले दुरावलेपण त्यात त्यांनी लपवले नाही. मार्क्सवादी आचार्य नरेंद्र देव तिथेच बौद्धांच्या अभिधर्मकोशावर काम करत होते. आझादांचे एकत्व कुराणातून आलेले, शेख महंमदांचे अद्वैतातून, मेहेरबाबांचे स्वानुभवातून. सर्व धर्मांच्या बाहेर उभे राहून ‘देव एक’ म्हटलेले कोणीच नाही, आणि तशी उभे राहायला जागाही दिसत नाही. प्रत्येक एकत्व कुठल्या तरी एका घराच्या भाषेत बोलते. हे मान्य केले तर दुसऱ्याचे एकत्व वेगळे निघाल्याचा राग येत नाही.

जोतीराव फुल्यांनी हे ओळखले होते. नगरच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून ज्यांच्या कामाला चालना मिळाली, त्या फुल्यांनी मरणोत्तर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एकाच कुटुंबात आई, वडील, मुलगी, मुलगा यांनी वेगवेगळे धर्म पत्करून प्रेमाने राहावे असे चित्र रंगवले. फुले निर्मिक मानणारे होते, तरी त्या घरात निर्मिक न मानणाऱ्या बौद्धालाही जागा आहे. गांधींनी पुढे ‘ईश्वर सत्य आहे’ याऐवजी ‘सत्य हाच ईश्वर’ असे म्हणायला सुरुवात केली, कारण सत्य नास्तिकही नाकारत नाही. हा बदल उदार आहे, पण नास्तिकाला तो परतीचे निमंत्रण वाटू शकतो.

कायद्याने हा प्रश्न वेगळ्या टोकाने सोडवला आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद २५ सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देतो, आणि त्यात न मानण्याचे स्वातंत्र्य येते. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की शासन कोणालाही धर्म जाहीर करण्याची सक्ती करू शकत नाही, आणि ‘कोणताही धर्म नाही’ असे सांगण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. ही याचिका करणारे नास्तिक नव्हते. ते येशू ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणारे होते. त्यांनी ख्रिस्ती धर्म सोडल्याची नोंद राजपत्रात करून ‘धर्म नाही’ असे लिहावे अशी मागणी केली होती आणि शासकीय मुद्रणालयाने ती नाकारली होती.